कावळ्याला काय कळते?

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात कोणी प्रश्न विचारला, तर बहुधा त्याच तासाला उत्तर देतो. फार तर पुस्तक चाळून दुसऱ्या दिवशी. पण एका प्रश्नाचे उत्तर द्यायला मला तीन वर्षे लागली. तो प्रश्न वर्गातला नव्हता, येरळा नदीच्या काठावरचा होता. विचारणारी होती माझी पुतणी. ती तेव्हा दहावीत होती.

आमचे वडील वारले, त्याचा तो दहावा दिवस होता. तासगावच्या आसपासच काय, महाराष्ट्रात कोठेही तुम्ही हे दृश्य पाहिले असेल. पिंडदान झाले, की पिंड आणि नैवेद्याचे पान उघड्यावर ठेवतात आणि सारे जण कावळ्याची वाट पाहत उभे राहतात. कावळ्याने चोच लावली, म्हणजे 'कावळा शिवला', की गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिले नव्हते असे समजतात. तो शिवला नाही, तर काही इच्छा अपुरी राहिली असावी असे मानून घरातले एकेक जण पुढे होतात आणि शब्द देतात. कावळा आलाच नाही, तर शेवटी दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श पिंडाला करतात.

त्या दिवशी काठावरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ऊन तापू लागले. 'आईला सांभाळू', 'सोसायटीचे कर्ज फेडू', असे शब्द देऊन झाले. कावळे जागचे हलले नाहीत. मग माझे थोरले बंधू पुढे झाले. सलग दोन हंगाम अवकाळी पावसाने आमची द्राक्षबाग गेली होती, आणि दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवावे असे त्यांच्या मनात होते. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. दादा हात जोडून म्हणाले, "आप्पा, पोरीला शिकवतो. ती शिकंल तेवढं शिकवतो." त्यांनी डोळे पुसले आणि ते वळले. आम्हीही सगळे वळून मागे सरलो. तेवढ्यात एक कावळा उतरला आणि त्याने घास उचलला.

घरी परतताना पुतणीने मला हळूच विचारले, "काका, आजोबांच्या मनातलं कावळ्याला खरंच कळलं का?"

मी गप्प राहिलो. 'हो' म्हणावे, तर मी वर्गात शिकवतो ते काय? 'नाही' म्हणावे, तर ज्या शब्दावर तिचे शिक्षण उभे होते, तो शब्दच ढिला पडायचा! शेवटी मी एवढेच म्हणालो, "बघून सांगतो." हा लेख म्हणजे मी जे बघितले त्याचा हिशेब आहे.

आपला शेजारी आणि त्याचे नातेवाईक

प्रथम कावळ्याची नीट ओळख करून घेऊ. तासगावात दोन प्रकारचे कावळे सहज दिसतात. मान राखाडी आणि बाकी अंग काळे, तो गावकावळा. सर्वांग काळेभोर, चोच जाड आणि आवाज घोगरा, तो डोमकावळा. गावकावळा अगदी आपल्या दारात असतो. बाजारात, शाळेच्या आवारात, गणपतीच्या देवळाच्या सात मजली गोपुरावर, जेथे माणूस तेथे तो. डोमकावळा गावाबाहेरची झाडी अधिक पसंत करतो. दोघांचा एक देखणा भाऊबंद गर्द आंबराईत राहतो. तांबूस अंगाचा आणि लांब शेपटीचा हा टकाचोर रंगाने वेगळा असला, तरी कुळाने कावळाच आहे.

उलट कोतवाल काळा आहे, कोकीळ काळा आहे, पण ते कावळ्याच्या कुळातले नव्हेत. आणखी एक गंमत सांगतो. पक्ष्यांच्या वर्गीकरणात 'गायक पक्षी' नावाचा एक मोठा गट आहे. त्या गटात कावळा बसतो, पण कोकीळ बसत नाही! कारण हा गट गोड गळ्यावरून ठरलेला नाही, तर शरीररचनेवरून, विशेषतः आवाज काढणाऱ्या अवयवाच्या रचनेवरून ठरला आहे.

कावळ्याच्या कुळात जगभर मिळून १२० हून अधिक जाती आहेत. त्यांतला थोरला म्हणजे रेव्हन. गावकावळ्याचे वजन साधारण ३०० ग्रॅम भरते; रेव्हन एक किलोच्याही वर जातो. महाराष्ट्रात तो आढळत नाही, पण राजस्थानच्या वाळवंटी भागात आणि हिमालयात आढळतो.

आता मेंदूकडे वळू. रेव्हनचा मेंदू सुमारे १४ ग्रॅमचा, म्हणजे एखाद्या सुपारीएवढा असेल. पण २०१६ साली शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या मेंदूतील चेतापेशी मोजल्या, तेव्हा रेव्हनच्या मेंदूत त्यांची संख्या २०० कोटींच्या वर निघाली. त्यांपैकी सुमारे १२० कोटी पेशी मेंदूच्या अशा भागात होत्या, जो शिकणे आणि निर्णय घेणे अशी कामे करतो. कितीतरी जड मेंदू असलेल्या काही माकडांमध्येही या भागातील पेशींची संख्या साधारण एवढीच असते. पक्ष्यांच्या पेशी लहान आणि दाटीवाटीने बसवलेल्या असतात, एवढाच फरक. तेव्हा यंत्र लहान असले, तरी कमी प्रतीचे नाही. प्रश्न असा, की त्या यंत्राने कावळा करतो काय?

तहानलेल्या कावळ्याची परीक्षा

तहानलेल्या कावळ्याची इसापाची गोष्ट तुम्ही बालवाडीपासून ऐकली आहे. माठात तळाशी थोडे पाणी होते. कावळ्याने एकेक खडा टाकला, पाणी वर आले, तो पाणी पिऊन उडून गेला. भौतिकशास्त्राच्या मास्तराला ही गोष्ट ऐकून पहिला प्रश्न पडतो: थोडे म्हणजे किती?

वीस सेंटिमीटर उंचीचा एक सरळ पेला घ्या आणि तो साधारण सारख्या आकाराच्या खड्यांनी भरा. खडे एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मध्ये फटी राहतात. ढिगाच्या एकूण आकारमानापैकी सुमारे ६० टक्के खडे असतात आणि ४० टक्के पोकळी असते. पाणी प्रथम या पोकळीत मुरते. समजा, पेल्यात ५ सेंटिमीटर पाणी आहे. ते पोकळीत पसरून ५ भागिले ०.४, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर उंचीपर्यंतच पोहोचेल. त्यानंतर वर कितीही खडे टाका, ते कोरडेच राहतील! पाणी काठापर्यंत यायचे असेल, तर सुरुवातीला ते किमान ८ सेंटिमीटर हवे, कारण ८ भागिले ०.४ बरोबर २०. माठाचा आकार कसाही असो, हिशेब आकारमानाचाच आहे. माठात दोन-पंचमांशाहून कमी पाणी असेल, तर गोष्टीतला कावळा खडे टाकून टाकून दमेल आणि तहानलेलाच राहील. चोच जेवढी आत पोहोचेल, तेवढीच काय ती सूट.

म्हणजे गोष्ट अटीवर खरी आहे. पण खरा कावळा असे करील का? हे २००९ साली ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी या दोघांनी इंग्लंडमध्ये तपासले. त्यांनी रूक नावाचे चार कावळे घेतले. रूक हाही कावळ्याच्याच कुळातला युरोपीय पक्षी. उभ्या पारदर्शक नळीत पाणी होते आणि पाण्यावर चोच पोहोचणार नाही एवढ्या खोलीवर अळी तरंगत होती. शेजारी खडे ठेवले होते. चारही रूकांनी खडे टाकून पाणी वर आणले आणि अळी मिळवली. लहान व मोठे खडे ठेवले, तेव्हा ते मोठे खडे निवडू लागले. एका नळीत पाणी आणि दुसरीत लाकडाचा भुसा ठेवला, तेव्हा भुशात खडे टाकण्यात अर्थ नाही हेही ते शिकले.

२०१४ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या सारा जेल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू कॅलिडोनिया बेटावरील कावळ्यांची याहून कठीण परीक्षा घेतली. त्या कावळ्यांनी तरंगणाऱ्या वस्तू सोडून बुडणाऱ्या वस्तू निवडल्या, पोकळ वस्तू सोडून भरीव निवडल्या. आर्किमिडीजला बरे वाटावे असाच हा निकाल! पण दोन प्रश्नांत ते नापास झाले. त्यांपैकी एक असा. दोन नळ्या खालून जोडलेल्या होत्या आणि तो जोड दिसू नये म्हणून झाकलेला होता. एका नळीत खडा टाकला, की पाणी दुसरीतही चढे. ही युक्ती कावळ्यांना वापरता आली नाही.

या नापास होण्यातून पुष्कळ शिकायला मिळते. अमुक केले की पाणी वर येते, हे कावळ्याला कळते. ते का वर येते, हे त्याला कळते असे मात्र या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. निरीक्षणातून जेवढे निघते तेवढेच म्हणायचे, हा नियम लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

या नियमाचे एक उदाहरण पाहा. २००२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात बेटी नावाच्या न्यू कॅलिडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि त्या आकड्याने खाद्याची बादली नळीतून वर ओढली. बेटीने ही युक्ती तेथल्या तेथे शोधून काढली, असे तेव्हा वाटले. जगभर तिचे नाव झाले. पण २०१६ साली ख्रिश्चन रुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की याच जातीचे रानातले कावळे काडीचे हत्यार करताना ती वाकवतातच. म्हणजे बेटी हुशार खरीच, पण तिने जे केले ते तिच्या जातीच्या अंगवळणी पडलेल्या कामातले असू शकते. शास्त्रज्ञांनी आपले आधीचे मत दुरुस्त केले. यात कोणालाही कमीपणा आला नाही.

तोंड ओळखणारा पक्षी

कावळ्याला वस्तूंची समज आहे, हे झाले. माणसांची कितपत आहे?

अमेरिकेतील सिएटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक नामी प्रयोग सुरू केला. त्यांच्या पथकाने गुहामानवाचा रबरी मुखवटा घालून विद्यापीठाच्या आवारात सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. त्यानंतर कोणीही तो मुखवटा घालून आवारातून चालू लागले, की कावळे कलकलाट करून त्याच्यावर तुटून पडत. दुसरा साधा मुखवटा घातलेल्या माणसाला ते असा त्रास देत नसत. विशेष म्हणजे ओरडणाऱ्या कावळ्यांची संख्या पुढे वाढतच गेली. जे कधी पकडलेच गेले नव्हते, तेही इतरांचे पाहून शिकले. 'हा माणूस वाईट' ही बातमी कावळ्यांत पसरली होती, आणि ती वर्षानुवर्षे टिकली.

तुम्ही उन्हाळ्यात एखाद्या कावळ्याच्या घरट्याखालून गेला असाल आणि त्यानंतर तो रोज तुमच्याच डोक्यावर झडप घालत असेल, तर त्याचे कारण आता ध्यानात आले असेल. कावळा तुमचे दप्तर ओळखत नसून बहुधा तुम्हाला ओळखत असतो!

कोण पाहत आहे?

आता मी माझ्या प्रश्नाच्या अगदी जवळ आलो. कावळा तोंड ओळखतो, पण ते तोंड कोणीकडे वळले आहे याकडे त्याचे लक्ष असते का?

जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातला लहान पक्षी आपल्याकडे काश्मीरमध्ये आढळतो. २००९ साली फॉन बायर्न आणि एमरी यांनी हाताने वाढवलेल्या जॅकडॉंसमोर त्यांचे आवडते खाद्य ठेवले आणि जवळ एक अनोळखी माणूस बसवला. माणूस खाद्याकडे टक लावून पाहत असला, की पक्षी खाद्य उचलायला अधिक वेळ लावीत. त्याने नजर दुसरीकडे वळवली, की लवकर उचलीत.

रेव्हन तर याच्याही पुढे गेला. रेव्हन अन्न लपवून ठेवतो आणि दुसऱ्या रेव्हनने ते पाहू नये म्हणून फार जपतो. २०१६ साली व्हिएन्ना विद्यापीठाचे थॉमस बुगन्यार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारशेजारच्या दोन खोल्यांमधील खिडकी बंद केली. फक्त एक लहान भोक उघडे ठेवले. पलीकडच्या खोलीत रेव्हन नव्हताच, केवळ त्याचा ध्वनिमुद्रित आवाज होता. तरीही भोक उघडे असले, की अलीकडचा रेव्हन कोणी पाहत असल्यासारखा वागे आणि अन्न घाईघाईने लपवी. भोक बंद असले, की आवाज ऐकू येऊनही तो निवांत असे. त्या भोकातून पलीकडचे दिसते, हे त्याने आधी स्वतः अनुभवले होते.

थोडक्यात, या कुळातल्या पक्ष्यांना एक गोष्ट फार चांगली कळते: आपल्याकडे कोणाचे लक्ष आहे आणि कोणाचे नाही.

आपला गावकावळा तर माणसाच्या वस्तीवरच जगतो. वस्ती सोडून रानात तो सहसा राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांनी त्याला झांझिबारला नेले, तर तेथेही तो गावातच स्थायिक झाला. माणसाच्या हातचे खायचे आणि माणसाच्याच दगडापासून वाचायचे, असा ज्याचा रोजचा धंदा आहे, त्याने माणसाची नजर ओळखायला नको का?

पुन्हा येरळेच्या काठी

आता ते दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पानाभोवती तीस-चाळीस माणसे उभी, उदबत्तीचा धूर, आणि सगळ्यांचे डोळे पानाकडे नाही तर कावळ्याकडे! बाभळीवरून पाहणाऱ्या पक्ष्याला याहून संशयास्पद दुसरे काय वाटेल? जो पुढे येई, तो शब्द देऊन पुन्हा त्याच घोळक्यात उभा राही. दादांच्या वेळी मात्र वेगळे घडले. त्यांचा गळा दाटून आला, ते वळले, त्यांच्याबरोबर आम्हीही वळलो आणि मागे सरलो. पानावरची नजर प्रथमच हटली. कावळ्याला आप्पांच्या मनातले नव्हे, तर आमच्या पाठी दिसल्या असाव्यात.

'असाव्यात' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. एका प्रसंगावरून काहीही सिद्ध होत नाही. पण माझे अनुमान बरोबर असेल, तर त्यातून काही गोष्टी निघतात आणि त्या तपासता येतात. जेथे रोज असे विधी होतात, त्या घाटावरचे कावळे माणसांना सरावलेले असणार. तेथे कावळा लवकर शिवायला हवा. आडबाजूच्या काठावर उशीर व्हायला हवा. माणसे दूर गेली, की कोणताही शब्द न देता कावळा यायला हवा. मी आमच्या गच्चीवर पोळीचे तुकडे ठेवून पाहिले. टक लावून उभा राहिलो, की कावळे कठड्यावरच थांबत. पाठ फिरवली, की बहुतेक वेळा लवकर उतरत.

यंदा मी हे सारे पुतणीला सांगितले. ती आता सांगलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. ऐकून ती हसली आणि म्हणाली, "काका, मी तेव्हाच बघितलं होतं. सगळे मागं फिरले आणि मग तो उतरला. म्हणूनच तर मी तुम्हाला विचारलं."

पाहा, निरीक्षण तिने माझ्या आधी केले होते! मी डोळे पुसत होतो, ती कावळ्याकडे पाहत होती.

दादांनाही सांगणे भाग होते. मी जरा भीतभीतच सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "कावळ्याला कळू दे नाहीतर न कळू दे. शब्द मी आप्पांना दिला होता, कावळ्याला न्हवं." एवढे बोलून ते बागेकडे गेले. तीन वर्षे मी उगाच घाबरत होतो.

करून पाहा

(१) खड्यांचा प्रयोग: सारख्या उंचीच्या तीन पेल्यांत ३, ५ आणि ८ सेंटिमीटर पाणी घ्या. खडे टाकत जा आणि पाण्याची उंची मोजा. मग बारीक वाळूने तोच प्रयोग करा. पोकळी किती टक्के निघते?

(२) नजरेचा प्रयोग: रोज एकाच वेळी, एकाच जागी पोळीचा तुकडा ठेवा आणि दहा पावलांवर उभे राहा. एक दिवस तुकड्याकडे पाहत राहा, दुसऱ्या दिवशी पाठ करा. कावळा उतरल्याची वेळ मित्राला लपून घड्याळावर मोजू द्या. निदान वीस दिवस नोंद ठेवा. एकदोन दिवसांवरून निष्कर्ष काढू नका.

दोन सूचना: एप्रिल ते जून या काळात घरट्यापासून दूर राहा. आणि मेलेला कावळा दिसला, तर त्याला हात लावू नका. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात मरून पडलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. असा कावळा दिसल्यास मोठ्यांना सांगा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

तुमच्या नोंदी माझ्या अनुमानाच्या विरुद्ध निघाल्या, तर त्या अधिक महत्त्वाच्या. त्या मासिकाकडे अवश्य पाठवा. मी त्या माझ्या पुतणीलाही दाखवीन.